यंत्राला स्थळ पाहिजे

जानेवारी १७६१ मध्ये इंग्रज सेनापती आयर कूटच्या फौजेनं पाँडिचेरी घेतली. लुटीत इतर चीजवस्तूंबरोबर फ्रेंच गव्हर्नरच्या वाड्यातला छापखानाही हाती लागला. तोफांचं काय करायचं हे कुठल्याही फौजेला कळतं. छापयंत्र मद्रासला आणलं खरं, पण सेंट जॉर्ज किल्ल्यात ते चालवेल असं कुणी नव्हतं. मद्रासजवळच्या वेपेरीत योहान फिलिप फाब्रिसियस नावाचे जर्मन मिशनरी राहत होते. तमिळ शिकलेले, पुस्तकं छापायची आस असलेले, जवळ यंत्र नसलेले. यंत्र त्यांच्या स्वाधीन झालं. अट एकच होती: सरकारी काम आलं की हातातलं बाजूला ठेवून ते आधी छापून द्यायचं.

दोन्ही बाजूंना सोयीचा सौदा. किल्ल्यातली अडगळ गेली, फाब्रिसियसना छापखाना मिळाला आणि कंपनी सरकारची पत्रकं छापून निघू लागली. पाचेक वर्षांनी मिशनला स्वतःचं यंत्र मिळालं, तेव्हा पाँडिचेरीचं यंत्र पुन्हा किल्ल्यात गेलं. तोवर सरकारलाही छापण्याची चटक लागली होती. १७७९ मध्ये फाब्रिसियसचा तमिळ-इंग्रजी कोश वेपेरीतच छापला गेला. पुढे पैशांच्या भानगडीत अडकून ते कर्जापायी तुरुंगात गेले, हा भाग वेगळा. छापखाना मात्र त्यांच्यामागे टिकला. विसाव्या शतकातल्या कितीतरी पुस्तकांच्या पहिल्या पानामागे ‘डायोसेसन प्रेस, वेपेरी’ ही ओळ सापडते, ती त्याच घराण्याची.

जुन्या, जड, हातानं चालणाऱ्या यंत्रांना आज नवं घर कसं मिळतं, किंवा का मिळत नाही, हे बघायला चेन्नईत आलं की हा वेपेरीचा व्यवहार आठवत राहतो. ज्याच्याकडे यंत्र आहे त्याला नको आहे, ज्याला हवं आहे त्याच्याकडे पैसा किंवा जागा नाही, आणि मध्ये कुणीतरी दोघांची गाठ घालून देणारा लागतो. लग्न जुळवण्यासारखंच. फरक इतकाच की इथं वधूचं वजन पाऊण टन असतं.

छापखान्यांवरच इतका भर का, असं कुणी विचारेल. लोहाराची ऐरण, पत्रा कापायची कात्री, फ्लाय प्रेस, पायानं चालणारा लेथ, तेलाचा घाणा, ही सगळी एकाच बिरादरीतली. पण या शहरातल्या छापयंत्रांच्या प्रवासाची नोंद राहिली. ऐरणीच्या प्रवासाची कोण ठेवतो? शिवाय छापयंत्र दक्षिणेत आलं तेच मुळी वनवास भोगून.

वेपेरीच्या पन्नास वर्षं आधीची गोष्ट. मद्रासच्या दक्षिणेला किनाऱ्यावर तरंगंबाडी ही डेन्मार्कची वसाहत होती. तिथल्या बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग या मिशनऱ्यासाठी लंडनच्या एसपीसीके संस्थेनं १७११ मध्ये एक हातयंत्र, कागद आणि योनास फिंक नावाचा छापणारा असा सगळा संच जहाजावर चढवून दिला. तेव्हाची जहाजं ब्राझीलला वळसा घालून येत. रिओ द जानेरोला फ्रेंचांनी हे जहाज पकडलं. ते कसंबसं सुटलं आणि पुढे निघालं, तर केप ऑफ गुड होपच्या आसपास फिंक तापानं गेला. १७१२ मध्ये यंत्र मद्रासला पोचलं ते पोरकंच.

त्या काळच्या मद्रासला बंदर नव्हतं. जहाजं खोल पाण्यात नांगर टाकत आणि माल मसुला होड्यांतून किनाऱ्यावर येई. काथ्यानं शिवलेल्या, खिळा न मारलेल्या या होड्या लाटेच्या माराला लवचिकपणे वाकत. खिळ्यांनी ठोकलेली होडी त्या लाटांत फुटायची. मरीना बीचवर संध्याकाळी पाण्यात पाय घालून उभं राहिलं की लाट पायाखालची वाळू कशी ओढून नेते ते कळतं. त्या लाटांवरून, शिवलेल्या होडीत, छापयंत्राच्या पेट्या! चेन्नईच्या टेम्पोवाल्यांची तक्रार करताना मी हे ध्यानात ठेवतो.

यंत्र तरंगंबाडीला गेलं, पण चालवणार कोण? डॅनिश कंपनीच्या पलटणीत छपाईची माहिती असलेला एक जर्मन शिपाई निघाला. तमिळ खिळे, म्हणजे छापायची धातूची अक्षरं, जर्मनीतल्या हाले गावाहून ओतून आले, पण ते भलतेच मोठे. एवढ्या मोठ्या अक्षरात बायबल छापायचं तर कागद कुठून आणायचा? मग इथंच लहान खिळे ओतले गेले, आणि त्यासाठी लागणारं शिसं इंग्लंडहून आलेल्या चीजच्या डब्यांच्या झाकणांतून काढलं, असं सांगतात. १७१५ मध्ये तमिळ नवा करार छापून झाला. शिपाई, चीजचे डबे आणि लांबून आलेलं एक यंत्र, यांवर हा सगळा कारभार उभा होता.

मराठी वाचकाला याच प्रांतातली आणखी एक गोष्ट आपली वाटेल. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांनी १८०५ मध्ये आपल्या राजवाड्यात देवनागरी छापखाना काढला आणि पुढच्या काही वर्षांत तिथं इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ छापला गेला. योगायोग असा की त्याच १८०५ मध्ये मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयानं तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली भगवद्गीता छापून झाली. पुण्यात नाना फडणविसांच्या पदरी हे काम शिकलेला तांबट नानांच्या मृत्यूनंतर मिरजेला गेला होता. म्हणजे तिथं यंत्र नव्हे, हात हलला. आणि मुंबईत? १६७४ मध्ये भीमजी पारेखांनी हौसेनं लंडनहून छापखाना आणि हेन्री हिल्स नावाचा छापणारा आणवला. हिल्सला छापता येत होतं, देशी अक्षरांचे साचे कोरता येत नव्हते. बेत तिथंच बारगळला. यंत्र आणि माणूस दोन्ही हजर, पण हवा तो हात गैरहजर.

या सगळ्या हकिकतींतून मला एकच गोष्ट पटत गेली. जड यंत्र सांभाळायला जागा लागते, हे खरं असलं तरी दुय्यम आहे. त्याला आधी काम लागतं. काम असलं की माणसं जागा काढतात, चीजच्या डब्यांतून शिसंही काढतात. काम नसेल तर राजवाडाही पुरत नाही.

आता आजच्या चेन्नईकडे. जॉर्ज टाऊनमधून उत्तरेकडे जाणारा मिंट स्ट्रीट, तमिळमध्ये तंग सालै, हा एका अर्थी या शहराच्या छपाईचा कणा. १८७८ च्या सप्टेंबरात ‘द हिंदू’चा पहिला अंक याच रस्त्यावरच्या श्रीनिधी प्रेसमध्ये छापला गेला, ऐंशी प्रती, उसन्या पैशांवर. रस्त्याला नाव देणारी टांकसाळ बंद पडल्यावर तिच्या इमारतीत सरकारी छापखाना आला. नाणी पाडायची जागा गॅझेट पाडायला कामी आली. आज इथं मारवाडी-गुजराती मिठाईची दुकानं, स्टीलची भांडी, लग्नपत्रिका आणि त्या गर्दीतून वाट काढणाऱ्या हातगाड्या. गल्ल्यांत अजून ‘प्रिंटर्स’च्या पाट्या दिसतात, पण आत डोकावलं तर ऑफसेट, डिजिटल, फ्लेक्स. खिळ्यांची केस दिसली तर तिच्या खणांत स्क्रू आणि नटबोल्ट ठेवलेले.

छापखान्यातली हातयंत्रं कुठली? सगळ्यांत जुनी म्हणजे उभ्या चौकटीची, दांडा ओढून दाब देणारी. अमेरिकेतल्या जॉर्ज क्लायमरनं १८१३ च्या सुमारास काढलेलं कोलंबियन, ज्याच्या माथ्यावर लोखंडी गरुड बसलेला असतो. तो गरुड शोभेपुरता नाही. दाब दिल्यावर वरचा पाटा परत उचलायला जे वजन लागतं, ते तो आहे. त्यानंतर १८२० च्या सुमाराला लंडनमध्ये आलेलं अल्बियन. त्यात वजनाच्या जागी माथ्यावरच्या टोपीत स्प्रिंग. मोठं कोलंबियन टनाच्या घरात जातं. मग आली पायानं चालणारी ट्रेडल. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावच्या प्रत्येक छापखान्यात हीच होती. मधल्या मापाची ट्रेडल ६५०–७०० किलोची.

आणि इथंच सगळा घात होतो. भंगाराचा भाव किलोवर ठरतो. बिडाला किलोमागे ३५ रुपये धरले, तर ६५० किलोच्या ट्रेडलचे २२,७५० रुपये होतात. रोख, आजच, आणि भंगारवाले स्वतः येऊन घणानं तोडून घेऊन जातात. याच्या समोर एखादा चित्रकार, एखादं कला महाविद्यालय, एखादा हौशी माणूस उभा राहतो. त्याला यंत्र हवं असतं, पण महिनाभरानं, एकसंध, दुसऱ्या मजल्यावर. छापखान्याच्या मालकाला गाळा महिनाअखेर रिकामा करून द्यायचा असतो. निकाल आधीच लागलेला. एरवी वस्तू जितकी जुनी आणि मजबूत तितकी तिची किंमत जास्त. इथं ती जितकी मजबूत, तितकी जड, आणि जितकी जड तितकी भंगारवाल्याला प्यारी.

पुदुपेट्टै हा चेन्नईचा जुन्या सुट्या भागांचा बाजार. कूवम नदीच्या जवळ, एगमोरपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. गाड्यांची दारं, इंजिनं, गिअरबॉक्स यांच्या उतरंडी. मूर मार्केट १९८५ मध्ये जळालं तेव्हा शहराचा जुन्या वस्तूंचा एक मोठा कोपरा गेला. लोखंडाचा मात्र बाजार इकडेच भरभरून आहे. अशा ढिगाऱ्यात कधीमधी एखादी जुनी इंग्रजी ऐरण दिसते. तिच्या बाजूवर छिन्नीनं कोरल्यासारखे तीन आकडे असतात, उदाहरणार्थ १-२-१०. बहुतेकांना वाटतं मॉडेल नंबर असेल. ते वजन असतं, जुन्या इंग्रजी मापात: पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंड, दुसरा क्वार्टरचा, २८ पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. एकशे बारा, छप्पन्न आणि दहा, म्हणजे १७८ पौंड, ८१ किलोच्या आसपास. ज्याला हे वाचता येतं त्याला काटा लागत नाही. ज्याला वाचता येत नाही तो काट्यावर चढवतो, आणि भंगाराच्या भावानं ती तीन हजारांच्या आत जाते. हातोडीनं हळूच टिचकी मारून बघावी: चांगली ऐरण खणखणते, भेगाळलेली बद्द वाजते. लोहाराला विकत घेताना हे दोन प्रयोग पुरतात.

बिडाचं जे काही जातं ते ओतशाळांकडे. कोइम्बतूर हे पंपांचं आणि ओतकामाचं गाव. लंडनच्या एखाद्या अल्बियनची चौकट विहिरीवरच्या पंपाचं अंग होऊन कुठं भुईमुगाला पाणी देत असेल तर मला त्यात फारसं वावगं दिसत नाही. लोखंडाचा तो पुनर्जन्म आहे. हळहळ वाटते ती त्याच्याबरोबर गेलेल्या घडणीबद्दल.

कायद्याचं काय, हा प्रश्न सुशिक्षित माणूस हमखास विचारतो. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुन्या, शास्त्र, कला किंवा हस्तोद्योग यांच्या इतिहासाशी निगडित वस्तूंना पुरावस्तू मानतो आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं लंडनचं यंत्र लंडनच्या संग्राहकाला विकायची वाट जवळजवळ बंद. ते बरंच आहे. पण कायद्याचा रोख समुद्रापार जाण्यावर आहे, भट्टीत जाण्यावर नाही.

मग उरतात तीन घरं. पहिलं, कॅफे आणि हॉटेल. पायाच्या शिवणयंत्राचं पायटं आणि वर काच, हे टेबल पुण्या-मुंबईत आता इतकं झालंय की त्यावर कॉफी पिताना गुडघा पायटात अडकल्याशिवाय राहत नाही. चेन्नईतही तेच. ट्रेडलला काळा चकचकीत रंग फासायचा, चाकाला सोनेरी पट्टा ओढायचा आणि दारात उभं करायचं. रंगानं तेल घालायची भोकं बुजतात, चार पावसाळ्यांत सगळे सांधे गंजून एकजीव होतात. भंगारात गेलेलं निदान वितळून कामाला तरी लागतं. हे उभ्याउभ्या मरतं. माझं मत कडू आहे, पण असो.

दुसरं घर संग्रहालयाचं. आपल्याला पुण्याचं केळकर संग्रहालय आठवतं. दिनकर केळकरांनी अडकित्त्यांपासून दरवाजांपर्यंत वीसेक हजार वस्तू जमवल्या आणि पुढे राज्य सरकारला दिल्या. मस्तानीचा महालसुद्धा उचलून आणून तिथं पुन्हा उभा केला. चेन्नईजवळ ईस्ट कोस्ट रोडवर मुट्टुकाडूला दक्षिणचित्र आहे, १९९६ पासून. दक्षिणेतली जुनी घरं जागच्या जागी उकलून, खांब-तुळया-कौलांसकट ट्रकमधून आणून तिथं पुन्हा जोडलेली आहेत. चेट्टीनाडच्या घराच्या सागवानी खांबाभोवती फिरताना कळतं की वजन ही अडचण नाही. उकलायचा क्रम लिहून ठेवला तर काहीही हलतं. पण अशा जागा किती आणि त्यांत छापयंत्रं किती मावणार? एक ठेवलं की झालं. दहावं यंत्र घेऊन गेलात तर क्युरेटर चहा पाजतील आणि नाही म्हणतील, आणि ते बरोबरच असेल. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या टू रिव्हर्स गावी हॅमिल्टनचं लाकडी खिळ्यांचं संग्रहालय आहे. सुमारे पंधरा लाख लाकडी अक्षरं आणि त्यांच्या जोडीला यंत्रं. इमारत सोडायची वेळ आली आणि २०१३ मध्ये ते सगळं बिऱ्हाड नव्या जागेत हलवावं लागलं. संग्रहालयालाही कधीतरी स्थळ शोधावं लागतं.

तिसरं घर काम देणारं, आणि चेन्नईत ते अनपेक्षित जागी भेटतं. लग्नपत्रिका, मिठाईचे पुठ्ठ्याचे खोके, साडीची पाकिटं यांना आकारात कापायला आणि घडीची रेघ उमटवायला दाब लागतो. ऑफसेटला तो देता येत नाही. ट्रेडलला येतो. म्हणून रोयापेट्टा, ट्रिप्लिकेनच्या गल्ल्यांत जुन्या ट्रेडल अजून धडधडत असतात, छापत मात्र नाहीत. फर्म्यात खिळ्यांच्या जागी लाकडात बसवलेली पोलादी पाती. पायटं काढून पट्टा आणि अर्ध्या अश्वशक्तीची मोटर. शाईचे रूळ काढून ठेवलेले. अशाच एका दुकानात मी यंत्राशेजारी बराच वेळ उभा होतो. माणूस डाव्या हातानं कापलेली पत्रिका काढतो, उजव्या हातानं कोरी सरकवतो, जबडा मिटतो, उघडतो. वर शाईची गोल थाळी. तिच्यावर शाईचा थेंबही नाही, पण खालच्या खटक्याचा दात दर ठोक्याला तिला एक घर पुढे सरकवतो. थाळी फिरतच राहते. तो दात काढायला कुणाला सवड झालेली नाही.

अशा दुकानांना ट्रेडल हव्या असतात. शिवकाशीत, जिथं फटाक्यांइतकीच छपाई चालते, तिथंही. म्हणजे ज्याच्याकडे यंत्र पडून आहे त्यानं आधी या धंद्यात विचारावं, मग कला महाविद्यालयात, आणि कॅफेवाल्याला सगळ्यांत शेवटी. दांड्याच्या अल्बियनला मात्र हे काम जमत नाही. त्याला चित्रकार लागतो. लिनोकट, लाकूडठसा काढणाऱ्यांना त्याच्यासारखा एकसारखा दाब दुसरीकडे मिळत नाही. १८५० मध्ये अलेक्झांडर हंटर या डॉक्टरनं सुरू केलेली कलाशाळा आज एगमोरला शासकीय ललितकला महाविद्यालय म्हणून चालू आहे. अशा ठिकाणच्या छापचित्र विभागांत हातयंत्राला बारमाही काम असतं. मुलं दरवर्षी नवी येतात, यंत्र रोज हलतं, तेल मिळतं.

हातयंत्रांबद्दल बोलताना आवाज जरा गहिवरतो, म्हणून एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. हातानं चालणारं म्हणजे कुणाच्या हातानं? जुलै १९०८ मध्ये, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली त्याच महिन्यात, व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांना तिरुनेलवेलीत जन्मठेप झाली. इंग्रज कंपनीशी टक्कर देत स्वदेशी जहाजं काढणारा हा वकील टिळकांना मानणारा. कोइम्बतूरच्या तुरुंगात त्यांना बैलाच्या जागी तेलाच्या घाण्याला जुंपलं. अंदमानातला सावरकरांचा कोलू आपल्या घरोघरी ठाऊक आहे. तमिळ घरात त्याच जागी चिदंबरम यांचा चेक्कु असतो. चेक्कु हा दगडाचाही असतो. तमिळनाडूच्या शिवारांत असे कोरीव लेखांचे जुने दगडी घाणे अजून सापडतात, कुणी देवळाच्या दिव्याच्या तेलासाठी दान दिलेले. आणि आज चेन्नईच्या चौकाचौकांत ‘मरचेक्कु’ तेलाची दुकानं निघाली आहेत: लाकडी घाणा, काचेआड, विजेवर फिरणारा. खोबऱ्याचा, शेंगदाण्याचा वास रस्त्यापर्यंत येतो. बैल सुटला, माणूसही सुटला, घाण्याला मात्र घर मिळालं. कामानंच मिळालं.

घाण्याला काम द्यायचं हा प्रयत्न आपल्याकडेही झाला, आणि त्यात एक तंजावरकर होता. जे. सी. कुमारप्पा, जन्म १८९२, तंजावर. मुंबईत हिशेबतपासनीस म्हणून बसलेले, गांधीजींकडे आले आणि वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम बघू लागले. तिथं झवेरभाई पटेल यांनी घाण्याची घडण सुधारली. बैल तोच, पण निघणारं तेल जास्त. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी वर्ध्यात मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. तिथली चरखे, घाणे, चक्क्या अशी हत्यारं बघताना एक वेगळेपण जाणवतं: ती आठवण म्हणून ठेवलेली नव्हती, नमुना म्हणून ठेवलेली होती. बघा, गावी जा, सुताराकडून करून घ्या. वस्तूचं घर म्हणजे वापरणाऱ्याचं घर, हे त्यामागचं गणित. त्याच गणितानं १९७९ च्या सुमारास इंग्लंडात हॅम्पशायरमध्ये ‘टूल्स फॉर सेल्फ रिलायन्स’ ही संस्था निघाली. माळ्यावर पडलेले रंधे, करवती, ऐरणी, शिवणयंत्रं स्वयंसेवक दुरुस्त करतात आणि आफ्रिकेतल्या सुतार-लोहारांकडे पाठवतात. चेन्नईत, किंवा पुण्या-कोल्हापुरातही, असं काही व्हायला हरकत काय? आपल्याकडे भंगारवाला दारात येतो, म्हणून कुणाला तसं सुचत नसावं.

आता प्रत्यक्ष हलवण्याविषयी, कारण बहुतेक सौदे इथंच मोडतात. बीड ठिसूळ असतं. पोलाद वाकतं, बीड तडकतं. ट्रेडलचं पाय ठेवायचं पायटं किंवा चौकटीचा पाय एकदा तडकला की साधं वेल्डिंग टिकत नाही; आधी तापवून, निकेलच्या कांड्या वापरून करणारा कारागीर शोधावा लागतो. म्हणून हमालांना पहिलं वाक्य सांगायचं: आडवं पाडायचं नाही. आधी सुटे होतील ते भाग सुटे करायचे. अल्बियनचा दांडा, रूळगाडी, पाटा, टोपीतली स्प्रिंग, सगळं वेगळं निघतं. प्रत्येक भागाचा फोटो, खडूनं आकडा, नटबोल्ट जागच्या जागी परत फिरवून. मग पहार घालून यंत्र बोटभर उचलायचं, खाली पाइपाचे तुकडे सरकवायचे आणि ढकलायचं. पुढचा पाइप मागून काढून पुढे. दारात उंबरा असला की फळी. टेम्पोत चढवायला साखळी-कप्पी. चेन्नईत तिपाई आणि चेन पुली भाड्यानं मिळते आणि ती लावणारे लोक हे काम लहानपणापासून करत आलेले असतात; त्यांना शिकवायला जाऊ नये, फक्त बीड तडकतं एवढं बजावावं. एप्रिल-मेमध्ये हा उद्योग टाळावा, ऑक्टोबरच्या पावसातही. राहतो जानेवारी.

यंत्राबरोबर आणखी एक गठ्ठा जायला हवा, तो नेमका मागे राहतो. किल्ल्या, फर्म्याच्या चौकटी, सुटे रूळ, कागद धरायच्या पिना, जुना पाना, आणि ज्यानं तीस वर्षं ते चालवलं त्या मशीनमनचा फोन नंबर. तो माणूस बहुतेक उपनगरात कुठंतरी वॉचमनची नोकरी करत असतो. यंत्र नव्या जागी उभं राहिल्यावर त्याला अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन बोलवावं. दाब किती, पॅकिंग किती, कुठल्या बोल्टला ताण द्यायचा नाही, हे त्याच्या हाताला माहीत असतं. १७१२ च्या यंत्राला शिपाई मिळाला नसता तर त्सिगेनबाल्गनी पेट्या उघडून काय केलं असतं?

आणि रूळ. जुने शाईचे रूळ सरस आणि गूळ मिसळून ओतलेले असत. चेन्नईच्या उकाड्यात ते मऊ पडत, उंदीर ते खात. आता रबराचे ओतून मिळतात. ते काम आधी सांगून ठेवावं, नाहीतर यंत्र नव्या घरी जाऊन महिनाभर कोरडंच उभं राहतं.

इतकं सगळं जमल्यावर, मालक आणि घेणारा यांच्यात एका गोष्टीवर हमखास बोलणी अडतात. मालक म्हणतो, फुकट देतोय ना, मग टेम्पो तुमचा. घेणारा म्हणतो, भंगारातून वाचवतोय ना, मग चेन पुलीचं भाडं तुमचं. भंगारवाला बाहेर काटा घेऊन उभाच असतो, आणि त्याचा टेम्पो त्याचा स्वतःचा असतो. म्हणून ज्यांना यंत्र खरंच हवं आहे त्यांना माझा सल्ला आहे की किंमत ठरवण्याआधी टेम्पो ठरवा.